पंढरीच्या नावावरचा ट्रक

मित्रांनो, मी एक ट्रक आहे. जुना की नवा, ते मला विचारू नका. मीटर पाहिलात तर कोवळा आहे आणि गंज पाहिलात तर म्हातारा. रस्त्यावर नीट धावायला लागण्याआधीच मी जुना झालो. ते कसं झालं, हे सांगण्यासाठी आज तोंड उघडलं आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार समजूतदारपणे बोलतात. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

जन्माबद्दल माझी काही तक्रार नाही. घाटावरच्या एका मोठ्या कारखान्यात मी तयार झालो. तिथे काम चोख होतं. चेसिसवर इंजिन बसलं, इंजिनामागे हौदा आला, केबिनला पांढरा रंग लागला. शेवटच्या तपासणीला एका कामगाराने माझे ब्रेक दाबून पाहिले, दरवाजा पुन्हा पुन्हा उघडून लावून पाहिला आणि केबिनवर थाप मारून म्हणाला, "जा, कोणाचं तरी घर चालव." मला वाटलं, उद्यापासूनच मी माल वाहणार. सिमेंट म्हणा, कापडाचे तागे म्हणा, कांदे म्हणा. ओझ्याची मला भीती नव्हती.

पण तेव्हा महिना संपत आला होता आणि महिना संपत आला की कारखान्याला घाई सुटते. ही घाई कसली, ते मला पुढे उमजलं. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या अनेक आहेत आणि त्यांची दर महिन्याला शर्यत लागते. महिन्याच्या पहिल्या तारखेला आकडे जाहीर होतात. कोणाच्या किती मोटारी विकल्या गेल्या, कोणाचे किती ट्रक, कोण पुढे गेलं, कोण मागे पडलं. वर्तमानपत्रांत बातम्या येतात, बाजारात कंपन्यांचे भाव वरखाली होतात. आता या शर्यतीतली गंमत ऐका. गंमत कसली, लबाडीच. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडून मी विक्रेत्याच्या आवारात पोहोचलो की कंपनीच्या लेखी मी विकला गेलो. मला कोणी पाहिलं नसलं, कोणी मागितलं नसलं, तरी विकला गेलो. म्हणून महिनाअखेरीला आम्हा सगळ्यांना रांगेने घाट उतरवून भिवंडीला आणलं. शोरूम बायपासवर होतं, पण तिथे जागा नव्हती. आम्हाला राहनाळच्या बाजूला, गोदामांच्या मागे, भराव टाकलेल्या एका मोकळ्या मैदानात उभं केलं.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. आमची कंपनी ट्रकांच्या विक्रीत पहिली आली. मी त्या आकड्यातला एक होतो आणि चिखलात उभा होतो.

माझ्यानंतर आणखी ट्रक आले. काही गेले, बरेचसे उरले. कुंपणापलीकडे दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याचं मैदान होतं. तिथेही तीच गत. त्यांचे ट्रक हिरव्या रंगाचे, आमचे पांढरे, एवढाच फरक. वर्तमानपत्रात आम्ही एकमेकांना हरवत होतो आणि इथे एकाच गवतात चाकं रुतवून समोरासमोर उभे होतो.

या मैदानावर पंढरी केणे नावाचा राखणदार होता. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. पूर्वी तो एका लूमवाल्याचा टेम्पो चालवायचा. सूत आणायचं, कापड पोहोचवायचं. लूम बंद पडली, टेम्पो विकला गेला आणि पंढरी खुर्ची टाकून आमची राखण करू लागला. लायसन मात्र त्याने वेळच्या वेळी नवीन करून घेतलं होतं. मी फाटकाला सर्वांत जवळ होतो, म्हणून तो दुपारी माझ्याच पायरीवर बसून जेवायचा. भाकरी, सुकटीची चटणी, कधी वालाचं बिरडं. सुरुवातीला दर आठवड्याला तो मला चालू करायचा. इंजिन गरम झालं की माझ्या अंगात जीव यायचा. मग शोरूमचे मॅनेजर भाविकसाहेब एकदा आले आणि म्हणाले, "पंढरी, उभ्या गाडीत कशाला डिझेल जाळतोस?" तेव्हापासून तेही बंद झालं. बॅटरी उतरली. पावसाळ्यात उंदरांनी वायरी कुरतडल्या. टायर एकाच जागी दबून खालून चपटे झाले. कोणी मला वाईट वागवलं असतं, खड्ड्यांतून पिदडलं असतं, तर मी सहन केलं असतं. काम करून झिजायला मी तयार होतो. न वापरताच झिजणं मला सहन होत नव्हतं.

पुढे लोक शहाणे झाले. वर्तमानपत्रं विचारू लागली, की कंपनीने विक्रेत्याकडे पाठवलेल्या गाड्या किती, ते राहू द्या, प्रत्यक्ष लोकांच्या नावावर किती चढल्या ते सांगा. म्हणजे आरटीओत नोंद झालेल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, आता तरी हे थांबेल. पण माणसाची अक्कल वाईट कामात फार झपाट्याने चालते.

मार्च संपायला आला होता. आर्थिक वर्षाचा शेवटचा महिना, म्हणजे शर्यतीतली शेवटची धाव. भाविकसाहेब मैदानावर आले. त्यांच्याबरोबर मेघाली होती. ती दापोड्याची मुलगी, शोरूमवर विक्रीचं काम करायची. भाविकसाहेबांनी पंढरीला जवळ बोलावलं.

"पंढरी, तुझं आधार दे. आणि इथे सह्या कर. पीएफचं काम आहे."

पंढरीने खिशातलं पाकीट काढलं, आधार दिलं, दाखवलं तिथे सह्या केल्या. मेघाली त्या वेळी कुंपणाकडे तोंड करून उभी होती.

काही दिवसांनी माझ्यावर नंबरप्लेट बसली. मी हुरळून गेलो. मला वाटलं, धनी मिळाला, आता नारळ फुटेल, गळ्यात हार पडेल. कोणीच आलं नाही. आमची कंपनी मात्र त्या महिन्यातही पहिली आली. शोरूमवर पेढे वाटले, त्यातला एक पंढरीलाही मिळाला. त्याने अर्धा खाल्ला आणि अर्धा बायकोसाठी कागदात बांधून नेला. मित्रांनो, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तो पेढा कशाचा होता, हे त्या दोघांना ठाऊक असतं तर त्यांच्या घशाखाली उतरला असता का?

पंढरीची बायको सीताबाई एका गोदामात कपडे निवडायचं काम करायची. घर दोघांच्या कमाईवर आणि रेशनच्या धान्यावर चालायचं. तिला सरकारी योजनेतून महिन्याला थोडी मदतही मिळायची. पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी रेशन दुकानात तिने अंगठा ठेवला, तर दुकानदार म्हणाला, यादीतून नाव कमी झालं. त्याच सुमारास ती मदतही थांबली. सीताबाई कचेरीत गेली. तिथल्या माणसाने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, "तुमच्या घरात चारचाकी आहे. चारचाकीवाल्यांना हे मिळत नाही."

"आमच्या घरात सायकल न्हाय," सीताबाई म्हणाली.

"तुमच्या नवऱ्याच्या नावावर ट्रक आहे."

त्याने माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी घेऊन सीताबाई भर उन्हात चालत मैदानावर आली. पंढरी माझ्या पायरीवर बसून जेवत होता.

"अवो, ह्या नंबरचा ट्रक कुठं हाय?" तिने विचारलं.

पंढरीने चिठ्ठी पाहिली, मग उठून माझी प्लेट पाहिली. पुन्हा चिठ्ठी पाहिली. "ह्योच की," तो म्हणाला. "का?"

"ह्यो तुमचा हाय."

पंढरीला काही कळेना. सीताबाईने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. शेवटी तिने पायातली चप्पल काढली आणि माझ्या दरवाजावर मारली. "ह्याच्यापायी माझ्या घरातलं धान्य गेलं," ती म्हणाली आणि पुन्हा मारली. मला ती लागली नाही, मी पत्र्याचा आहे. पण कारखान्यातून निघाल्यापासून मला कोणी एवढ्या जोरात हात लावला नव्हता, आणि तो असा लागावा, याचा मला जो संताप आला, तो मी आजही विसरलेलो नाही. संताप तिच्यावर नव्हता.

पंढरी शोरूमवर गेला. तिथे काय झालं, ते त्याने संध्याकाळी सीताबाईला माझ्याच सावलीत सांगितलं. भाविकसाहेब रागावले नव्हते, उलट त्यांनी चहा पाजला होता. "अरे, नावावर आहे म्हणजे काय तुला हप्ता भरायचाय? पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक मिळालं की बदलून टाकू," असं म्हणाले होते. पुढच्या महिन्यातही तेच म्हणाले. त्याच्या पुढच्या महिन्यात ते पंढरीला भेटलेच नाहीत. इकडे सीताबाई दुकानातून महाग तांदूळ आणत होती आणि दोघं एक वेळ पेजेवर काढत होती.

मग एक दिवस मेघाली एकटीच मैदानावर आली. "काका," ती पंढरीला म्हणाली, "गिऱ्हाईक येणार नाही. इतके दिवस उभी राहिलेली गाडी नव्याच्या भावात कोण घेणार? आणि जुन्याच्या भावात विकली तर साहेबांना तोटा दाखवावा लागेल. ते तुम्हाला फक्त टोलवतायत."

"मंग मी काय करू, पोरी?"

"तुम्ही एकटे नाही. चहावाल्याच्या नावावर आहे, गाड्या धुणाऱ्याच्या नावावर आहे. माझ्या भावाच्या नावावर पण चढवली, मला न विचारता. मी घरी भांडण करून आले." तिचा चेहरा लाल झाला होता. "तीस तारखेला कंपनीचे मोठे साहेब येतायत शोरूमवर. पहिला नंबर टिकवला म्हणून केक कापणार आहेत."

सीताबाई तिथेच होती. ती म्हणाली, "ट्रक आमचा हाय ना?"

"कागदावर तुमचाच आहे."

"मंग चावी दे."

"मालक मागतोय म्हटल्यावर द्यायलाच हवी," मेघाली म्हणाली.

तिने शोरूमच्या मेकॅनिकला मैदानावर पाठवलं. त्याने वायरी जोडल्या, नवी बॅटरी बसवली, ब्रेक तपासले, टायरांत हवा भरली. त्याने विचारलं तेव्हा मेघालीने सांगितलं होतं की गाडीची डिलिव्हरी आहे, मालक न्यायला येणार आहेत. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तीस तारखेला सकाळी पंढरी स्वच्छ शर्ट घालून आला. सीताबाई बरोबर होती. तिने पदर कमरेला खोचला आणि माझ्या केबिनमध्ये चढली. पंढरीने स्टिअरिंग धरलं. "मी नोकरी घालवतोय," तो म्हणाला.

"नोकरीनंच तुमचं नाव इकलं," सीताबाई म्हणाली. "चालवा."

मी चालू झालो. धूर काळा निघाला, चाकं गवतातून कशीबशी सुटली आणि मी इतक्या दिवसांनी भिवंडीच्या रस्त्यावर आलो. माझा हौदा रिकामा होता, पण केबिनमध्ये माझे दोन धनी होते. राहनाळच्या खड्ड्यांतून, गोदामांवरच्या कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत आम्ही बायपासवर पोहोचलो. शोरूमच्या फाटकात फुगे लावले होते. आत हार घातलेल्या नव्या गाड्या उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत त्या बाहेर पडल्या तरच त्या महिन्यात धरल्या जाणार होत्या. पंढरीने मला फाटकात आडवं घातलं, इंजिन बंद केलं आणि काचा वर करून घेतल्या.

आधी हॉर्न वाजले. बाहेरून आत येणारा एक कंटेनरवाला ओरडला, "अरे चाचा, गाडी हटाओ." मग भाविकसाहेब धावत आले.

"पंढरी, काय चाललंय? गाडी बाजूला घे."

पंढरीने थोडी काच खाली केली. त्याचा आवाज बारीक होता, पण निघाला. "माझी हाय, साहेब. माझ्या गाडीला हात लावू नका."

"वेडा झालास काय? उतर खाली."

"उतरनार न्हाय," पलीकडून सीताबाई म्हणाली. "आमचं नाव ह्याच्यावरनं काढा, मंग उतरतो."

भाविकसाहेबांनी पोलिसांना फोन केला. एक हवालदार मोटारसायकलवरून आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "गाडी कोणाची?" आणि मोबाइलवर माझा नंबर टाकून पाहिलं. "पंढरी केणे. कोण?"

"मी," पंढरी म्हणाला.

"मालक तर हाच दाखवतोय," हवालदार भाविकसाहेबांना म्हणाले.

"तसं नाही, हवालदारसाहेब. गाडी आमचीच आहे. फक्त नाव त्याचं आहे."

"म्हणजे काय?"

भाविकसाहेब पेचात सापडले. खरं सांगितलं तर स्वतः अडकणार, खोटं सांगितलं तर पंढरी मालक ठरणार. आयुष्यात पहिल्यांदा मला आडवं उभं राहण्यात सुख वाटलं.

एवढ्यात कंपनीचे मोठे साहेब बाहेर आले. इस्त्रीचा निळा शर्ट, छातीवर कंपनीचा बिल्ला. त्यांनी विचारलं, "कोणाचा ट्रक आहे हा?"

"आपल्या वॉचमनचा, सर," भाविकसाहेब पुटपुटले.

"वॉचमनने ट्रक घेतला?"

सीताबाईने दार उघडलं आणि पायरीवर उभी राहिली. "आमी न्हाय घेतला. तुमचा पयला नंबर यावा म्हणून आमच्या गळ्यात बांधला. आमचं रेशन गेलं. तुमी केक खा, पन आमचं धान्य आमाला द्या."

मित्रांनो, मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांना राग येईल, धक्का बसेल, असं मला वाटलं होतं. त्यांना कसलाही धक्का बसला नाही. ते भाविकसाहेबांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "अशा अजून किती आहेत?"

"आकडा वरून येतो, सर. तुमच्याच ऑफिसातून. न गाठला तर फोन कोणाचा येतो, ते..."

"इथे नको."

"हितंच बोला," सीताबाई म्हणाली. "हितं समद्यांना ऐकू दे."

साहेबांना ठाऊक होतं. ज्या आकड्यावर ते केक कापणार होते, तो पोकळ आहे, हे त्यांना येतानाच ठाऊक होतं. इतके दिवस मी एकट्या भाविकसाहेबांवर चिडलो होतो. त्या क्षणी माझा राग फाटकाच्या बाहेर गेला, बायपासवरून, घाट चढून, पार वरपर्यंत.

गिऱ्हाइकं जमली होती, मोबाइल वर झाले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आजच्या आज गाडी शोरूमच्या फर्मच्या नावावर घ्यायला अर्ज करा." मेघाली पंढरीला घेऊन आरटीओत गेली. सीताबाई मात्र खाली उतरली नाही. केक आत कापला गेला की नाही, ठाऊक नाही. हारांतली फुलं उन्हाने काळवंडली. दुपार कलली तेव्हा सीताबाईला मेघालीचा फोन आला, की कागद दाखल झाले, पोच मिळाली. सीताबाईने पोच वाचून दाखवायला लावली, दुसऱ्यांदाही वाचायला लावली आणि मग उतरली. पंढरी परत आला, त्याने मला बाजूला घेतलं आणि चावी मेघालीच्या हातात दिली. भाविकसाहेब त्याला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." पंढरीने मान हलवली. ते त्याला सकाळीच कळलेलं होतं.

रेशन सुरू व्हायला सीताबाईला कचेरीत बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. सुरू झालं. मधल्या महिन्यांचं धान्य कोणी परत दिलं नाही. पंढरीला दापोड्याच्या एका गोदामात गाडी चालवायचं काम मिळालं, हे बरं झालं. मेघालीने नोकरी सोडली आणि बायपासच्या पलीकडच्या दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये लागली. तिथेही महिनाअखेर असतेच, असं ती पंढरीला सांगत होती. भाविकसाहेब अजून तिथेच आहेत. चहावाल्याचं नाव निघालं की नाही, मला माहीत नाही.

मला अखेर लडकू म्हात्रे नावाच्या दापोड्याच्या वाहतूकदाराने जुन्या गाडीच्या भावात घेतलं. कागदावर दोनदा खोटाच विकला गेलो तेव्हा बातमी झाली, पेढे वाटले गेले. ज्या महिन्यात मला खरंच धनी मिळाला, त्या महिन्याच्या आकड्यात मी कुठेच नव्हतो. आता मी रोज माल वाहतो. क्लच कुरकुरतो, एक वायर अजून दगा देते, पण चालतो.

अशा कहाणीच्या शेवटी आम्ही वस्तू तुम्हाला विनवतो, की आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. मला धुऊ नका, पुसू नका, गंज चढला तर चढू द्या. मी लोखंड आहे, भंगारात गेलो तरी वितळून पुन्हा उभा राहीन. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कोणी कारखान्यात बसेल, कोणी शोरूममध्ये, कोणी आकडे छापेल. तेव्हा कोऱ्या कागदावर एखाद्याचं नाव लिहिताना त्याच्या घरात काय शिजतं, ते आधी पाहा. आणि तुमच्यापुढे कोणी न वाचलेला कागद सरकवला, तर सही करू नका. समोरचा कितीही गोड बोलो, चहा पाजो, सही करू नका.

गेल्या आठवड्यात मी कपड्यांचे गठ्ठे घेऊन राहनाळच्या एका गोदामाला लागलो होतो. आत बायका माल निवडत होत्या. त्यांतली एक उठून बाहेर आली. सीताबाई. तिने माझा नंबर पाहिला आणि पदराने हात पुसत ड्रायव्हरपाशी गेली.

"ह्यो ट्रक कोनाच्या नावावर हाय?"

"लडकूशेठच्या," ड्रायव्हर म्हणाला.

"त्याला ठाव हाय ना?"

ड्रायव्हर हसला. सीताबाई हसली नाही. तो "हो" म्हणेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.